अंधार कोणाच्या हातात?



मागच्या बैठकीत चहा झाल्यावर एका मैत्रिणीने पिशवीतून खाकी लिफाफा काढला आणि टेबलावर ठेवला. म्हणाली, "बघा, पण आधी हात पुसा." आत पाच फोटो होते. पहिल्या नजरेला ते नुसते काळे कागद वाटले. ट्यूबलाइटखाली जरा तिरके धरल्यावर त्यांतून हळूहळू एक बाई दिसू लागली. एका फोटोत फक्त पाठ आणि मानेवर सुटत आलेला अंबाडा. दुसऱ्यात खांद्यावरून घसरलेली जुन्या साडीची कड आणि मांडीवर टेकलेला हात. तिसऱ्यात अर्धा चेहरा, उरलेला अर्धा काळोखात. अंगावर कपडे कमी होते, पण पाहताना ते नंतर लक्षात येत होतं.

आधी सगळ्या गप्प झाल्या आणि मग भांडण सुरू झालं. तुम्हाला आपल्या बैठका माहीतच आहेत.

ही मैत्रीण त्रेचाळीस वर्षांची आहे. पोळीभाजीचे डबे देते. घटस्फोट होऊन चार वर्षं झाली. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरींतून थोडे थोडे पैसे बाजूला ठेवून तिने हे फोटो काढून घेतले. "कोणासाठी?" एकीने विचारलं. ती म्हणाली, "कोणासाठी म्हणजे? माझ्यासाठी." यावर आपल्या सर्वांत ज्येष्ठ ताई म्हणाल्या, "अगं, आम्ही डांबराचे डबे घेऊन भिंतींवर चढलो, सिनेमाच्या पोस्टरांवरच्या उघड्यावाघड्या बायकांवर काळं फासलं. पोलिसांनी धरलं तरी मागे हटलो नाही. आणि आता तुम्ही पदरचे पैसे देऊन तसेच फोटो काढून घेता?"

त्या दिवशी मी काही बोलले नाही. खरं सांगायचं तर मला काय वाटतं हेच मला नीट कळलं नव्हतं. त्यात आणखी एक गोष्ट होती, जी ताईंना ठाऊक नव्हती. फोटो काढायच्या दिवशी सोबत म्हणून मी त्या मैत्रिणीबरोबर गेले होते. म्हणून हे संपादकीय. मैत्रिणीला ते वाचून दाखवलं आहे आणि तिची ओळख पटेल असे तपशील तिच्या संमतीने बदलले आहेत.

या प्रकाराला बूद्वार फोटोग्राफी म्हणतात. बूद्वार हा फ्रेंच शब्द. अठराव्या शतकात तिकडच्या श्रीमंत घरांत बाईची स्वतःची एक छोटी खोली असे, तिला हे नाव होतं. शब्दाचं मूळ 'रुसणे, गाल फुगवणे' या अर्थाच्या क्रियापदात आहे, म्हणजे रुसून बसायची खोली. हे वाचलं तेव्हा मला आपल्या कैकेयीचं कोपभवन आठवलं. घरात बाईला हक्काने दार लावून घेता येईल अशी एक जागा असावी, आणि तिथे जाण्याला समाजाने दिलेलं नाव मात्र 'रुसवा' असावं, हे इथेही आणि तिथेही. आज बूद्वार म्हणजे बाईने अंतर्वस्त्रांत, अर्ध्या कपड्यांत किंवा चादर लपेटून, एकांतात काढून घेतलेले फोटो. पुण्या-मुंबईतही ते आता काढले जातात. त्यात दोन तऱ्हा दिसतात. एक पांढऱ्या चादरींची आणि भरपूर उजेडाची. दुसरी गडद, काळोखी, उदासीकडे झुकणारी. आमची मैत्रीण कोणाशी सल्लामसलत न करता दुसरीकडे वळली. तिच्यासारख्या अनेकींना तीच का आवडते, हा मला पडलेला प्रश्न.

त्या दिवशी काय पाहिलं ते सांगते. फोटो काढणारीही बाईच होती. खोलीला एकच मोठी खिडकी, तिच्यावर पातळ पांढरा पडदा. समोरच्या भिंतीवर काळं कापड. बाकी सगळे दिवे बंद. तिने मैत्रिणीला खिडकीच्या अगदी जवळ बसवलं आणि मागची भिंत मुद्दाम लांब ठेवली. मी कारण विचारलं, तर तिने नीट समजावून सांगितलं. लहान दिव्यापासून अंतर दुप्पट झालं की उजेड एक चतुर्थांश उरतो. खिडकीचं गणित इतकं काटेकोर नसलं तरी तत्त्व तेच. माणूस खिडकीजवळ आणि भिंत लांब असली की माणसावर उजेड पडतो आणि भिंत काळोखात बुडते. मग कॅमेरा गालावरच्या सर्वांत उजळ जागेच्या हिशेबाने लावायचा, म्हणजे बाकीचं सगळं आपोआप काळं होतं. उजेड एका बाजूने, थोडा वरून आला की पलीकडच्या गालावर डोळ्याखाली एक छोटा त्रिकोण उजळतो. त्या प्रकाशाला आजही सतराव्या शतकातल्या रेम्ब्रांट या डच चित्रकाराचं नाव आहे. यात नवीन काही नाही, चारशे वर्षांपूर्वीचे चित्रकार हेच करत होते.

माझी समजूत अशी होती की अंधार म्हणजे लपवाछपवी. पोट सुटलंय, सिझेरिअनचा व्रण आहे, चाळिशी उलटली आहे, म्हणून अंधार हवा. ही समजूत तिथेच चुकीची ठरली. बाजूने येणारा उजेड काहीच लपवत नाही. समोरून भसकन पडणारा फ्लॅश कातडी सपाट करतो, तर आडवा उजेड प्रत्येक खाच आणि प्रत्येक उंचवटा दाखवतो. आमच्या मैत्रिणीच्या हातांवर वीस वर्षांच्या स्वयंपाकाचे डाग आहेत, तव्याचे चटके, उडालेल्या तेलाचे ठिपके. त्या फोटोत ते एकेक करून मोजता येतात. फोटो काढणारीने विचारलं, "हे पुसून टाकू का नंतर?" मैत्रीण म्हणाली, "राहू द्या. ते माझेच आहेत."

त्या वाक्याला ती किंचित हसली. मग फोटोवालीने कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पहिला फोटो दाखवला. मैत्रिणीने तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "ही कोण?" मग स्वतःच म्हणाली, "मीच की."

आता माझं सांगते. मी सावळी आहे. एम.एस.डब्ल्यू. करत असताना घरच्यांनी माझ्यासाठी स्थळं पाहायला सुरुवात केली. एका स्थळाच्या वेळी मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले. संध्याकाळ होती आणि खोलीत पिवळा दिवा होता. मुलाची आई माझ्या आईला म्हणाली, "ट्यूबलाइट लावता का जरा?" आईने उठून ट्यूबलाइट लावली. ती दोनदा फडफडली आणि मग पेटली. तेवढा वेळ सगळे माझ्याकडे बघत होते. त्यांना काय पाहायचं आहे, हे मला, आईला आणि त्या मुलालाही माहीत होतं. त्याआधी फोटो काढायला गेले तर स्टुडिओवाल्याने न विचारताच माझा रंग दोन छटा उजळ करून दिला होता. त्याचा दोष मी एकट्या त्याला देत नाही. पूर्वीचे स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून हेच करत. ज्या रंगीत फिल्मवर आपल्या आयांच्या लग्नाचे फोटो निघाले, तिचे रंगही जगभरच्या प्रयोगशाळांत एका गोऱ्या बाईचा फोटो असलेल्या कार्डाशी ताडून पाहिले जात. कोडॅकच्या त्या कार्डाला 'शर्ली' म्हणत. गोरी शर्ली बरोबर आली की फोटो बरोबर आला. सावळ्या माणसाचं काय होतं, हा प्रश्न त्या कार्डात नव्हता. १९७५ साली बाजारात आलेल्या गोरं करणाऱ्या क्रीमने नावातला 'फेअर' हा शब्द २०२० साली काढला. शब्द गेला, पण ट्यूबलाइट लावायला सांगणारी नजर अजून जायची आहे.

या बाजूने पाहिलं की गडद फोटोंची ओढ मला समजू लागते. बाईला आयुष्यभर उजेडातच पाहिलं जातं, आणि तो उजेड तिचा नसतो. तो पाहणाऱ्याच्या सोयीचा असतो. दाखवण्याच्या कार्यक्रमातली ट्यूबलाइट, दवाखान्यातल्या टेबलावरचा दिवा, जत्रेतल्या फोटोवाल्याचा फ्लॅश. सगळं नीट दिसलं पाहिजे, म्हणजे पारखता येतं. गडद फोटोत पाहणाऱ्याला पारखता येत नाही. त्याला थांबावं लागतं, डोळे सरावू द्यावे लागतात, आणि तरीही अर्धं दिसतच नाही. जेवढं दाखवायचं तेवढंच उजेडात येतं. सावळ्या रंगाला तर त्यात उजळावं लागतच नाही. काळ्या पार्श्वभूमीवर सावळ्या खांद्यावरची उजेडाची रेघ जी उठून दिसते, ती पाहून माझ्यासारखीला काय वाटलं असेल, ते माझ्यासारख्यांना सांगायला नको.

आणि अंधार आपल्याला परका कुठे आहे? आपल्या आज्या माजघराच्या अंधारात जगल्या. बाळंतिणीची खोली अंधारी असे. हे अंधार लादलेले होते, त्यांचं कौतुक करायचं कारण नाही. पण त्याच माजघरात, पुरुषांच्या नजरेआड, बायका पदर खाली टाकून बसत, मोकळ्या हसत, रडत. फील्डवर्कला असताना एका वस्तीत शौचालय नव्हतं. बायका उजाडायच्या आत जात नाहीतर अंधार पडायची वाट पाहत. दिवसभर पाणी पीत नसत. त्यांच्यासाठी आडोसा म्हणजे अंधार, आणि भीती म्हणजेही अंधारच. बाईच्या आयुष्यात हे दोन्ही एकाच वेळी असतात. म्हणून बाईने अंधार स्वतःहून निवडला, तर तिने तो का निवडला हे तिलाच विचारायला हवं.

इथवर वाचून कोणाला वाटेल की बाईंनी बाजू घेतली. तसं नाही. मला शंका आहेत, आणि त्या मोकळेपणाने मांडते.

पहिली शंका उदासीची आहे. या प्रकारचे फोटो मी नंतर पुष्कळ पाहिले. त्यांत बाई बहुतेक वेळा मान खाली घालून, पाठमोरी, डोळे मिटून किंवा खिडकीबाहेर कुठेतरी पाहत बसलेली असते. चेहरा कापलेला असतो. ती हसत नाही. समोर बघत नाही. जखमी, हळवी, गूढ बाई पुरुषांच्या कवितेत आणि सिनेमात भरपूर होऊन गेली आहे. तीच आता आपण पैसे देऊन स्वतःच्या अंगावर चढवतो आहोत का? जॉन बर्जर या इंग्रज कलासमीक्षकाने १९७२ साली मांडलं होतं की बाई स्वतःकडे पाहते तेव्हाही तिच्या आत एक पाहणारा पुरुष बसलेला असतो. अंधाऱ्या खोलीत एकटीने काढलेल्या फोटोतही तो बाजूला उभा असू शकतो. तो गेला की नाही, हे फोटोवरून कळत नाही.

दुसरी शंका पैशाची. ज्या वस्तीचं वर सांगितलं, तिथल्या बायकांना हा निवडलेला अंधार परवडणार नाही. आमच्या मैत्रिणीला तो परवडला, पण त्यासाठी किती चकल्या तळाव्या लागल्या, ते तिलाच माहीत.

तिसरी शंका सर्वांत मोठी आहे. ती सांगण्यासाठी आधी एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स शहरात १८९७ ते १९१७ या काळात स्टोरीव्हिल नावाची वस्ती होती, जिथे वेश्याव्यवसायाला मुभा होती. १९१२ च्या सुमारास ई. जे. बेलॉक या फोटोग्राफरने तिथल्या बायकांचे त्यांच्या खोल्यांत काचेच्या निगेटिव्हवर फोटो काढले. कोणी पूर्ण कपड्यांत, कोणी अर्ध्या, कोणी उघडी. त्यांतल्या काही जणी अगदी निवांत, ओळखीच्या माणसासमोर बसाव्यात तशा बसलेल्या आहेत. बेलॉक १९४९ साली वारला. पुढे ली फ्रीडलँडर या फोटोग्राफरने त्या काचा विकत घेतल्या, त्यांवरून फोटो छापले आणि १९७० साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन झालं. बायकांच्या खाजगी खोलीतल्या फोटोंचा इतिहास सांगताना हे फोटो हटकून दाखवले जातात.

त्यांतल्या काही काचांवर बाईचा चेहरा खरवडून काढलेला आहे. निगेटिव्हवरचा थर खरवडला की छापताना ती जागा काळी येते. म्हणजे शरीर उजेडात, आणि चेहऱ्याच्या जागी काळा फराटा. ते चित्र पाहिल्यापासून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. आमच्या मैत्रिणीच्या फोटोतही अर्धा चेहरा काळा आहे आणि या बायकांचाही काळा आहे. पण एक काळोख तिने स्वतः मान वळवून घेतला, आणि दुसरा काचेवर नंतर, काच हातात असलेल्या कोणीतरी चढवला. त्या बायका निवांत बसल्या होत्या तेव्हा आपण एक दिवस न्यूयॉर्कच्या भिंतीवर लागणार आहोत, हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

म्हणजे फोटो किती गडद आहे, एवढ्यावर भागत नाही. काच कोणाच्या हातात आहे ते पाहावं लागतं.

आता आजची गोष्ट. काही महिन्यांपूर्वी आपल्या केंद्रात एक चोवीस वर्षांची मुलगी आली. तिच्या वाढदिवसाला होणाऱ्या नवऱ्याने तिला असेच गडद फोटो काढून घेणं 'भेट' दिलं होतं. नोंदणी त्याच्या नावाने, पैसे त्याचे, आणि फोटोही त्याच्याच ईमेलवर आले. पुढे लग्न मोडलं. मग धमक्या सुरू झाल्या. फोटो वडिलांच्या ऑफिसात पाठवीन, भावाला पाठवीन. एक फोटो त्याने भावाला पाठवलाही. चेहरा अंधारात होता, पण भावाने हातातल्या कड्यावरून बहीण ओळखली. ती मला म्हणाली, "ताई, अंधारामुळे मी ओळखूच येणार नाही असं वाटलं होतं, म्हणून तर हो म्हटलं." एका पोलीस चौकीवर तिला ऐकवण्यात आलं, "असले फोटो काढलेतच कशाला?" आणि पुढे, "यात चेहरा कुठे दिसतोय?"

याच वेळी मला एक तांत्रिक गोष्ट कळली, जी आपल्या प्रत्येकीला माहीत असायला हवी. कागदावर छापलेल्या फोटोतला काळोख काळोखच राहतो. पण डिजिटल कॅमेऱ्याच्या मूळ फाइलमध्ये जे काळं दिसतं, त्यात पुष्कळ तपशील शिल्लक असतो. संगणकावर एक खूण सरकवली की सावल्या उजळतात. ज्याच्या हातात मूळ फाइल आहे, त्याला ट्यूबलाइट लावता येते.

म्हणून काही कायदेशीर गोष्टी नोंदवून ठेवते. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम १७ नुसार, कोणी मोबदला देऊन सांगून फोटो काढून घेतला आणि उलट करार झालेला नसेल, तर त्या फोटोच्या कॉपीराइटची पहिली मालकी फोटो काढून घेणाऱ्याची असते, फोटोग्राफरची नाही. बाईने स्वतः सांगून, स्वतःच्या पैशाने फोटो काढले तर ही तरतूद तिच्या बाजूची आहे. पण पैसे आणि सांगणं दोन्ही दुसऱ्याचं असेल, तर तीच तरतूद त्याच्या बाजूने वापरली जाऊ शकते. 'भेट' घेताना हे लक्षात ठेवा. शिवाय स्टुडिओच्या छापील अर्जावर सही केली की 'उलट करार' होऊ शकतो. नमुन्यादाखल फोटो वापरू दिलेत तर सवलत, अशी ओळ त्यात असेल तर ती दोनदा वाचा.

पण कॉपीराइट कोणाचाही असो, बाईचे खाजगी फोटो पसरवण्याचा अधिकार त्यातून कोणालाच मिळत नाही. २०१३ साली भारतीय दंड विधानात कलम ३५४-सी आलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तेच कलम ७७ आहे. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की बाईने फोटो काढायला संमती दिली असली, पण तो इतरांपर्यंत पोचवायला दिलेली नसली, तर तो पोचवणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी किमान एक ते कमाल तीन वर्षं कैद आणि दंड. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई आहे, आणि धमकी देणं हा वेगळा गुन्हा आहेच. गुन्हा कोणत्या हद्दीत घडला याचा वाद घालून दखलपात्र गुन्ह्याची तक्रार नाकारता येत नाही. हद्दीबाहेरचीही तक्रार नोंदवून घेण्याची तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे. डिसेंबर २०२१ पासून 'स्टॉप एन.सी.आय.आय.' नावाची एक मोफत सोय आहे. तिच्यात अठरा वर्षांवरील व्यक्तीला स्वतःच्या फोटोचा एक सांकेतिक ठसा तयार करता येतो. फोटो आपल्या फोनमध्येच राहतो, फक्त ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो आणि तो फोटो त्यांच्याकडे चढवला जाणं रोखता येतं.

आपली वकील मैत्रीण आणि मी त्या मुलीबरोबर पुन्हा गेलो. "काढलेतच कशाला" या प्रश्नाला वकील मैत्रिणीने शांतपणे उत्तर दिलं, "साहेब, काढणं हा गुन्हा नाही. पाठवणं आहे. आपण पाठवण्याविषयी बोलू." तक्रार नोंदवली गेली. प्रकरण चालू आहे, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही.

हे सगळं मनात घेऊन मी ज्येष्ठ ताईंच्या घरी गेले. त्यांना आमच्या मैत्रिणीबरोबर गेल्याचं सांगितलं, त्या मुलीविषयी सांगितलं, खरवडलेल्या चेहऱ्यांविषयीही सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "एक सांगू का? ती पोस्टरं लावणारा माणूस आम्हाला कधी भेटला नाही. डांबर आम्ही त्या चित्रातल्या बाईच्या तोंडावरच फासत होतो. तेव्हा दुसरं काही हातात नव्हतं." आणि थोड्या वेळाने, "फासायला नको होतं असं मी म्हणत नाही हं."

मीही म्हणत नाही. त्या लढ्यातून प्रश्न उभा राहिला, १९८६ साली स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला प्रतिबंध करणारा कायदा आला. पण तेव्हाचा प्रश्न बाईला न विचारता तिचं चित्र विकणाऱ्या बाजाराचा होता. आज आपल्यासमोर अशी बाई आहे जी स्वतः खिडकीपाशी जाऊन बसली आहे. तिच्याशी डांबराच्या डब्याने बोलता येणार नाही, आणि 'तुझी निवड' म्हणून टाळी देऊन मोकळंही होता येणार नाही. तिच्याशेजारी बसून काही गोष्टी विचाराव्या लागतील. पैसे कोणाचे? कल्पना कोणाची? मान तू वळवलीस की वळवायला सांगितली? मूळ फाइल कोणाकडे राहील, किती दिवस, आणि ती पुसली हे तुला कोण दाखवील? उद्या मन बदललं तर? आणि शेवटचा प्रश्न, जो आम्ही त्या चोवीस वर्षांच्या मुलीला कोणीच आधी विचारला नव्हता: तुला खरंच हवं आहे ना?

आमच्या मैत्रिणीची उत्तरं तयार होती. फोटो काढणारीने तिच्यासमोर सगळ्या फाइली एका पेनड्राइव्हवर घालून तिला दिल्या आणि स्वतःकडच्या पुसल्या. कागदावर तसं लिहून सही दिली. पेनड्राइव्ह डाळीच्या डब्यात आहे, असं ती म्हणते. कोणत्या डाळीच्या, ते तिने मलाही सांगितलेलं नाही.

जाता जाता एका चित्राची आठवण करून देते. हातात दिवा घेतलेली, साडी नेसलेली बाई. दुसऱ्या हाताचा आडोसा दिव्याला धरलेला, त्यामुळे बोटांच्या कडा आतून लाल झालेल्या, चेहऱ्यावर उजेड, मागे काळोख. कॅलेंडरांवरून ते आपल्या कितीतरी घरांत पोचलं आहे. पुष्कळ जण ते राजा रविवर्म्यांचं समजतात. ते सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं आहे, १९४५-४६ च्या सुमाराचं, जलरंगातलं. मूळ चित्र म्हैसूरला जगनमोहन राजवाड्यात आहे. त्यासाठी उभी राहिली होती त्यांची मुलगी गीता. त्या गीताबाई उपळेकर २०१८ साली कोल्हापुरात वारल्या, शंभरी ओलांडून.

त्या चित्रातही अंधारच जास्त आहे. पण दिवा तिच्या हातात आहे, आणि आडोसाही तिच्याच हाताचा आहे.

तुमच्यापैकी कोणी असे फोटो काढून घेतले असतील, काढायचे ठरवून परत फिरल्या असाल, किंवा हे सगळं वाचून माझ्यावर रागावल्या असाल, तर जरूर लिहा. नाव छापायचं की नाही ते पत्रात कळवा. न कळवल्यास छापणार नाही. पुढच्या अंकात यावर बोलत राहू.

तुमची,
संपादक मंडळातली एक